ओरखड्यांची साक्ष : प्राचीन पशुधनाच्या आहाराविषयीच्या सूक्ष्मझीज-पद्धतीची चिकित्सा

प्रास्ताविक

उत्खननात मिळणाऱ्या अवशेषांत खापरांच्या खालोखाल भरणा असतो तो जनावरांच्या हाडांचा, आणि हाडांमध्येही अधिक काळ टिकतात ते दात. दाताचे बाह्य आवरण, म्हणजे दंतवल्क, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजांचे असते. त्यामुळे ज्या मातीत बरगड्या आणि पायांची हाडे विरून जातात, तेथेही दाढा शाबूत सापडतात. या दाढांच्या चर्वणपृष्ठावर साध्या डोळ्यांना न दिसणारे ओरखडे आणि खळगे असतात. ते अन्न चावताना पडलेले असतात. तेव्हा ते मोजले, त्यांची दिशा व रुंदी तपासली, तर तीन-चार हजार वर्षांपूर्वीची मेंढी गवत खात होती की झाडपाला, कुरणात चरत होती की गोठ्यात वैरणीवर होती, हे सांगता येईल, अशी सूक्ष्मझीज-पद्धतीची मूळ कल्पना आहे.

कल्पना आकर्षक आहे यात शंका नाही. परंतु ती प्रथम घडविली गेली वन्य प्राण्यांसाठी. माणसाने पाळलेल्या जनावरांना ती लावताना तिच्यातील कोणती गृहीते ढासळतात, आणि ती ढासळल्यावरही तिच्याकडून काय मिळू शकते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, पाळीव जनावराच्या दाढेवरील ओरखडा हा आहाराचा पुरावा म्हणून दुबळा आहे; मात्र पशुपालनाचा, म्हणजे त्या जनावरामागे उभ्या असलेल्या माणसाच्या निर्णयांचा, पुरावा म्हणून तो समजला जातो त्याहून अधिक बळकट आहे.

सेरेंगेटीचे खडक

या विषयातील पायाभूत लेख १९७८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ॲलन वॉकर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. टांझानियातील सेरेंगेटीच्या खडकाळ टेकाडांवर हायरॅक्स या लहान सस्तन प्राण्याच्या दोन प्रजाती एकमेकींच्या शेजारी, पुष्कळदा एकाच कपारीत राहतात. त्यांपैकी प्रोकेव्हिया पावसाळ्यात मुख्यतः गवत खातो आणि कोरड्या ऋतूत झाडपाल्याकडे वळतो. हेटेरोहायरॅक्स वर्षभर पाल्यावरच राहतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता गवत खाणाऱ्याच्या दाढांवर बारीक समांतर ओरखड्यांची दाटी दिसली. पाला खाणाऱ्याच्या दाढा तुलनेने गुळगुळीत होत्या. खडक एक, हवा एक, धूळ एक. तेव्हा फरक अन्नाचाच, हा युक्तिवाद त्यामागे होता. गवताच्या पेशींत साठणारे सिलिकेचे सूक्ष्म कण, ज्यांना फायटोलिथ म्हणतात, ते या ओरखड्यांना कारणीभूत असल्याचे प्रतिपादन करण्यात आले.

निसर्गाने मांडून ठेवलेला इतका नेटका प्रयोग क्वचितच हाती लागतो. तरीही एक शंका तेव्हाच घेता आली असती. गवत जमिनीलगत वाढते आणि पाला उंचावर असतो; मग एकाच खडकावर राहूनही दोघांच्या तोंडात जाणारी धूळ सारखीच होती असे कशावरून? ही शंका क्षुल्लक नाही. पुढील सगळा वाद तिच्याभोवती फिरला, आणि तो वाद लढविला गेला प्रामुख्याने मेंढीच्या दाढेवर.

फायटोलिथ की माती?

ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचे दात वेळेआधी झिजणे हा निव्वळ आर्थिक प्रश्न होता. दात गेलेली मेंढी चरू शकत नाही आणि तिला विकावे लागते. १९५९ मध्ये बेकर, जोन्स आणि वॉर्ड्रॉप यांनी 'नेचर'मध्ये असे मांडले की, गवतातील फायटोलिथ मेंढीच्या दंतवल्काहून कठीण असतात आणि झिजेचे कारण तेच. सहा वर्षांनी, १९६५ मध्ये, न्यूझीलंडमधील हीली आणि लुडविग यांनी या मताला वेगळी दिशा दिली. त्यांच्या मते मेंढी गवताबरोबर जी माती गिळते ती दात झिजविते. मेंढीच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती गवत खालच्या दातांनी आणि वरच्या कठीण हिरडीने धरून अगदी मुळाशी तोडते. हिवाळ्यात गवत आखूड झाले आणि जमीन ओली असली की मुळांसकट चिखल तोंडात जातो. गाय जिभेने गवताचा झुबका वेढून ओढते, त्यामुळे तिची गोष्ट थोडी वेगळी.

खनिजांच्या कठिणतेच्या परिचित मोजपट्टीवर दंतवल्क साधारण ५ वर, क्वॉर्ट्झ ७ वर येतो. मातीत क्वॉर्ट्झ असला तर तो दात खरवडणार, हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही. प्रश्न होता फायटोलिथचा. २००७ मध्ये सॅन्सन आणि सहकाऱ्यांनी अतिसूक्ष्म टोकाने दाब देऊन प्रत्यक्ष फायटोलिथची कठिणता मोजली, तेव्हा ती मेंढीच्या दंतवल्काहून कमी भरली. १९५९ चा आधार त्यामुळे निखळला. २०१३ मध्ये लुकास आणि सहकाऱ्यांनी एकेका कणाने दंतवल्कावर ओरखडा काढून दाखविले की, क्वॉर्ट्झचा कण दंतवल्काचा अंश खरवडून काढतो, फायटोलिथ मात्र पृष्ठभाग केवळ दाबून बाजूला सारतो. वाद येथे मिटावयास हवा होता. पण मिटला नाही. २०१५ मध्ये चिनी आणि अमेरिकी संशोधकांच्या गटाने असे दाखविले की, दंतवल्काहून मऊ पदार्थही त्याचे स्फटिक एकमेकांपासून सुटे करून झीज घडवू शकतो. आणि २०२० मध्ये फायटोलिथ दात झिजवू शकतात असे पुन्हा एकदा प्रयोगाने मांडले गेले.

यापेक्षा महत्त्वाचा प्रयोग खुद्द मेंढ्यांवर झाला. फ्रान्समधील मर्सेरॉन आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या गटांना वेगवेगळा चारा दिला, काहींच्या चाऱ्यावर धूळ टाकली, काहींच्या नाही, आणि नंतर दाढा तपासल्या. धुळीमुळे चाऱ्यांमधील फरक पुसला जात नाही, असा त्यांचा २०१६ मधील निष्कर्ष होता. धूळ गौण असल्याचे त्यांनी शीर्षकातच सांगून टाकले. प्रयोगाची शिस्त वाखाणण्याजोगी आहे. पण शीर्षकाने जे सांगितले ते प्रयोगाने सिद्ध केले का? चाऱ्यावर वाऱ्याने बसणारी धूळ वेगळी आणि तुडवलेल्या, उघड्या पडलेल्या कुरणात मुळासकट उपटलेल्या गवताबरोबर जाणारी माती वेगळी. पहिली सर्व जनावरांच्या वाट्याला थोडीफार येते. दुसरी येते ती कुरणावर ताण असेल तेव्हाच. न्यूझीलंडच्या संशोधकांचा प्रश्न दुसरीचा होता, फ्रान्सच्या प्रयोगाचे उत्तर पहिलीचे आहे. दोन्ही बाजू एकमेकींना खोडतात असे मानणे म्हणूनच घाईचे ठरेल.

येथे वन्य आणि पाळीव यांतील भेद उघड होतो. हरणाच्या आहाराचा शोध घेणाऱ्याला माती म्हणजे व्यत्यय. ती वजा करून त्याला वनस्पती हवी असते. पशुपालनाच्या इतिहासकाराला मात्र मातीच हवी असते. कुरण किती खाल्ले गेले होते, एका कुरणावर किती मेंढ्या कोंबल्या होत्या, चारा गोठ्यात आणून दिला जात होता की जनावर मोकळे सोडले होते, हे सर्व त्या मातीत आहे. ग्रीनलंडमधील नॉर्स वसाहतीचे उदाहरण घ्यावे. दहाव्या शतकाच्या अखेरीस बसलेली ही वसाहत पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपली. पश्चिमेकडील भाग त्याआधीच, चौदाव्या शतकात, ओस पडला. अतिचराईने जमिनीची धूप झाली आणि त्यामुळे शेतकरी उखडले गेले, हे त्यासाठी दिले जाणारे एक स्पष्टीकरण. इंग्रिड मेनलँड यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा प्रश्न तेथील शेळ्या-मेंढ्यांच्या दाढांना विचारला. मेंढीने काय खाल्ले यापेक्षा ती कशा जमिनीवर चरली, हा प्रश्न विचारणे हीच या अभ्यासाची खरी कमाई आहे. पद्धत तीच, पण प्रश्न बदलल्यामुळे जो दोष होता तो पुरावा झाला.

शेवटचे काही दिवस कोणाचे?

सूक्ष्मझीज टिकाऊ नसते. चर्वणपृष्ठ सतत झिजत असल्याने जुने ओरखडे पुसून नवे पडतात. टीफर्ड आणि ओयेन यांनी १९८९ मध्ये माकडांवर केलेल्या प्रयोगांत दाढेचा तोच भाग ठरावीक अंतराने पाहिला, तेव्हा खुणा काही दिवसांत ते काही आठवड्यांत बदललेल्या दिसल्या. फ्रेडरिक ग्राइन यांनी या मर्यादेला 'शेवटचे जेवण' अशा अर्थाचे नाव दिले आणि ते रूढ झाले. दाढ जनावराचे चरित्र सांगत नाही. फक्त त्याचे अखेरचे दिवस सांगते.

वन्य प्राण्यांच्या बाबतीत ही अडचण नमुन्यांची संख्या वाढवून थोडीबहुत भरून काढता येते. वेगवेगळे प्राणी वेगवेगळ्या ऋतूंत मरतात, आणि मोठ्या संग्रहात वर्षाचे निरनिराळे भाग कमीअधिक प्रमाणात सामावतात. पाळीव जनावराला हा न्याय लागू पडत नाही. ते केव्हा मरणार हे माणूस ठरवितो. चारा संपत आल्यावर कळपातील नको असलेले नर कापले जातात. सण, जत्रा, लग्न यांसाठी राखलेली जनावरे त्या दिवशी जातात. आपल्याकडे आषाढ संपता संपता किती बोकड कापले जातात हे सांगावयास नको. म्हणजे एखाद्या वस्तीतील शंभर जबडे म्हणजे शंभर यादृच्छिक दिवस नव्हेत. कदाचित ते वर्षातील तीन-चार दिवसच असतील. अशा संग्रहावरून 'या वस्तीतील मेंढ्या गवतावर जगत होत्या' असे विधान करणे म्हणजे दिवाळीचा फराळ पाहून एखाद्या घराचा वर्षभराचा आहार ठरविणे होय.

हा आक्षेप पद्धतीला बाद करणारा नाही. तो तिची योग्य जागा दाखविणारा आहे. जेथे शेवटचे दिवसच इतिहासाच्या दृष्टीने मोलाचे आहेत, तेथे ही पद्धत इतर कोणत्याही पद्धतीहून सरस ठरते. उत्तर ग्रीसमधील माक्रियालोस या नवाश्मयुगीन वस्तीत एका मोठ्या खड्ड्यात शेकडो जनावरांचे अवशेष अल्पकाळात टाकले गेले होते. तेथे मोठ्या सामूहिक मेजवान्या झाल्या असाव्यात असे मानले जाते. मेजवानीच्या आधी ही जनावरे वेगळी बांधून पोसली होती की कळपातून उचलून आणली होती? एकाच घरची होती की अनेक घरांनी आपापली दिली होती? पहिल्या प्रश्नाला दाढेवरील खुणांचे स्वरूप भिडते, दुसऱ्याला त्या खुणांमधील साम्य किंवा विखुरलेपणा. मेनलँड आणि पॉल हॉल्स्टेड यांनी माक्रियालोसच्या शेळ्या-मेंढ्यांचा आहार आणि संगोपन या अंगाने तपासले आहे. समस्थानिके येथे उपयोगी पडत नाहीत, कारण ती दात तयार होत असतानाच्या काळाची, म्हणजे जनावराच्या बालपणाची, नोंद ठेवतात.

दोन्ही नोंदी एकत्र आणल्यास अधिक साधते. तुर्कस्तानातील चातालह्युयुक येथील मेंढ्यांवर एलिझाबेथ हेंटन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाढेच्या उंचीभर क्रमाने घेतलेल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा आणि चर्वणपृष्ठावरील सूक्ष्मझिजेचा एकत्र विचार केला. एका दाढेत जन्माचा ऋतू आहे आणि तिच्याच माथ्यावर मरणापूर्वीचे दिवस आहेत. अशा जोडीशिवाय केवळ ओरखड्यांवर ऋतूचे विधान करू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आणखी एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष जात नाही. कत्तलीचे वय ठरविण्यासाठी पुरातत्त्वज्ञ ज्या पद्धतीवर विसंबतात, ती सेबॅस्टियन पेन यांनी १९७३ मध्ये आश्वान कालेच्या जबड्यांवरून मांडली. दात उगवण्याचा क्रम आणि नंतर दाढेच्या झिजेच्या पायऱ्या यांवरून वय काढावयाचे, आणि त्या वयांवरून कळप दुधासाठी, मांसासाठी की लोकरीसाठी राखला होता हे ठरवावयाचे. उगवण्याचा काळ बराचसा ठरलेला असतो. परंतु झिजेचा वेग जमिनीवर अवलंबून असतो, हे न्यूझीलंडच्या शेतांनी कधीच दाखवून दिले आहे. वाळूमिश्रित, उघड्या जमिनीवर चरलेली चार वर्षांची मेंढी दाढेवरून सहा वर्षांची भासू शकते. म्हणजे ज्या कालखंडात कुरणे खालावली, त्याच कालखंडात कळप 'म्हातारा' दिसू लागेल, आणि अभ्यासक त्याचा अर्थ लोकरीकडे वळलेले अर्थकारण असा लावील. सूक्ष्मझीज येथे राखणदाराचे काम करू शकते. माती गिळल्याच्या खुणा वाढलेल्या दिसल्या, तर वयाचे आकडे जपून वापरावेत. पद्धतीचा हा उपयोग आहारनिश्चितीपेक्षा साधा आहे, आणि बहुधा त्यामुळेच मागे पडला आहे.

मोजणीचा भ्रम

मोजणीच्या तंत्राविषयी थोडक्यात. आरंभी सूक्ष्मदर्शकातील छायाचित्रांवर ओरखडे आणि खळगे हाताने मोजले जात. दोन अभ्यासक एकाच छायाचित्रावर एकच आकडा काढीत नाहीत, हे ग्राइन, उंगार आणि टीफर्ड यांनी २००२ मध्ये स्वतःच तपासून मांडले. आपल्याच क्षेत्रातील त्रुटी अशी मोजून दाखविणे हे प्रांजळपणाचे लक्षण होय. त्याच वर्षी सोलुनियास आणि सेंप्रेबॉन यांनी साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखाली ३५ पट वर्धनावर मोजणी करण्याची स्वस्त पद्धत आणली. पुढे कॉनफोकल सूक्ष्मदर्शकाने पृष्ठभागाचा त्रिमितीय आराखडा घेऊन फ्रॅक्टल गणिताने त्याची गुंतागुंत आणि दिशाबद्धता काढण्याची रीत रुजली; २००५ मध्ये स्कॉट आणि सहकाऱ्यांनी ती 'नेचर'मध्ये मानवपूर्वजांच्या दातांवर वापरून दाखविली. मोजणाऱ्याची नजर त्यातून वगळली गेली हे खरे. पण कोणता दात, दाढेचा कोणता भाग, तो कसा स्वच्छ केला, मातीने खराब झालेला पृष्ठभाग कोणता मानून बाजूला ठेवला, हे निर्णय अजूनही माणूसच घेतो. दफनानंतरची घासण किंवा आम्ले खुणा पुसतात, सहसा नव्या खोट्या खुणा तयार करीत नाहीत, असे किंग, अँड्र्यूज आणि बोझ यांच्या १९९९ च्या प्रयोगांतून दिसले. तो दिलासा आहे. परंतु उत्खननानंतर कडक ब्रशने घासून धुतलेल्या दाढांना हा दिलासा लागू नाही.

खरा कमकुवत दुवा तुलनेच्या संग्रहाचा आहे. प्राचीन दाढेचा अर्थ लावण्यासाठी ज्यांचा आहार ठाऊक आहे अशा आधुनिक जनावरांच्या दाढा लागतात. मेनलँड यांनी १९९८ मध्ये चरणाऱ्या आणि वैरणीवर पोसलेल्या शेळ्या-मेंढ्यांची, आणि २००३ मध्ये चरणाऱ्या व पाला खाणाऱ्या गॉटलंड मेंढ्यांची तुलना याच हेतूने केली. 'चराऊ' आणि 'पालाखाऊ' हे वन्यजीवशास्त्रातून आलेले दोन कप्पे मेंढीला अपुरे पडतात, हे अशा कामांवरूनच उघड होते. वाळवलेल्या पाल्याच्या पेंढ्या खाणारी ग्रीक शेळी कोणत्या कप्प्यात घालावयाची? कापणीनंतर रानात सोडलेली मेंढी धसकटे खाते, बांधावरचे गवत खाते, बाभळीच्या शेंगा खाते, तिचे काय?

दख्खनच्या मातीवर

हा प्रश्न आपल्या प्रदेशाला थेट भिडतो. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. धवळीकर, सांकलिया आणि अन्सारी यांचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. इ. स. पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडे झाले, शेती खालावली आणि उत्तर जोर्वे काळातील लोक अर्धभटक्या पशुपालनाकडे वळले, असे चित्र धवळीकरांनी उभे केले. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या आपल्या ग्रंथात हवामानाचे हे स्पष्टीकरण मानवी सांगाड्यांच्या आधारे पुन्हा तपासावयास घेतले. माणसांच्या अस्थींनी वाद उभा केला आहे. जनावरांच्या दाढाही त्यात साक्षीदार होऊ शकतात. कुरणे खरोखरच उघडी पडली असतील, तर पूर्व आणि उत्तर जोर्वे काळांतील शेळ्या-मेंढ्यांच्या चर्वणपृष्ठांत फरक दिसावयास हवा.

मात्र युरोपातील तुलनासंग्रह हाती घेऊन इनामगावच्या दाढा वाचू जाणे धोक्याचे आहे. दख्खनचा बेसाल्ट क्वॉर्ट्झने गरीब. त्याच्या विघटनातून झालेल्या काळ्या मातीत मऊ चिकणखनिजांचे प्राबल्य आहे. कठीण कण म्हणजे न विरलेले फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन, ज्यांची कठिणता दंतवल्काहून थोडीच अधिक. याउलट नदीकाठच्या वाळूत आणि खडकातील पोकळ्यांतून सुटलेल्या गारगोटीत क्वॉर्ट्झच्या कुळातील कठीण द्रव्य येते. म्हणजे तितकीच माती गिळूनही ग्रीनलंडची मेंढी आणि घोडकाठची मेंढी यांच्या दाढा सारख्या दिसणार नाहीत. काळ्या रानात चरलेली मेंढी युरोपीय निकषावर 'पालाखाऊ' ठरण्याची शक्यता आहे, आणि तीच मेंढी नदीच्या पुळणीवर चार दिवस चरली तर 'अतिचराईची' ठरेल.

यासाठी स्थानिक तुलनासंग्रह लागेल, आणि त्याची सामग्री आपल्याभोवती आहे. धनगरांचे वाडे आजही ऋतुमानाप्रमाणे हलतात. पावसाळ्यात पूर्वेकडील कमी पावसाच्या माळरानावर, दिवाळीनंतर कोकणात किंवा काळ्या मातीच्या मोकळ्या शिवारात, जेथे शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेतात. कोणत्या महिन्यात कळप कोणत्या जमिनीवर होता हे मेंढपाळ नेमके सांगू शकतो. कसायाकडे येणाऱ्या मुंड्यांचे जबडे, त्यांसोबत कत्तलीची तारीख, आधीच्या महिन्यातील चाऱ्याची माहिती आणि चराईच्या जागेची मूठभर माती, एवढे नीट नोंदवून ठेवले तरी काम सुरू होते. बकरी ईदची तिथी सौर वर्षात दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी मागे सरकते. त्यामुळे सलग काही वर्षे नोंदी ठेवल्यास एकाच सणाच्या निमित्ताने वेगवेगळ्या ऋतूंतील जबडे मिळू शकतील. मात्र ही जनावरे पुष्कळदा आधी काही आठवडे घरी बांधून पोसलेली असतात, हे त्या नोंदीत स्वतंत्रपणे लिहावे लागेल. महाविद्यालयातील प्राणिशास्त्र, भूगोल आणि इतिहास या विभागांनी मिळून असा संग्रह उभारावयाचा झाल्यास महागड्या कॉनफोकल सूक्ष्मदर्शकाची वाट पाहण्याचे कारण नाही. ३५ पट वर्धन देणारा सूक्ष्मदर्शक आणि दंतवैद्यकात वापरले जाणारे ठसे घेण्याचे सिलिकॉन आरंभाला पुरेसे आहे. जबडे जपून ठेवले तर पुढे हवे त्या उपकरणाखाली ते पुन्हा नेता येतील.